मऊ पोवळ्यांची निगा: सोपी, पण सांभाळून

हल्ली काही घरांत खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी आणि तीत डोलणारी मऊ पोवळी दिसू लागली आहेत. हौस मुलांची किंवा यजमानांची. निगा मात्र शेवटी गृहिणीकडेच येते!

पोवळं म्हणजे अंगठीतला खडा नव्हे बरं का. हा जिवंत प्राणी. त्याच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ उजेडावर अन्न तयार करतं, म्हणून रोज आठ-दहा तास दिवा हवा. पाणी २४ ते २६ अंश सेल्सिअस असावं. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा लावला की ते निवतं, पण आटतंही. आटतं ते पाणी, मीठ नव्हे. तेव्हा भर घालायची ती आर. ओ.च्या बिनमिठाच्या पाण्याची. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावं. त्यासाठी मत्स्यपेटीचं खास मीठ मिळतं. स्वयंपाकाचं चालत नाही. तांब्या-पितळेची भांडी मात्र दूर ठेवा. तांबं पोवळ्यांना विषासमान आहे. छत्रीसारखं 'लेदर' पोवळं कधीकधी काही दिवस मिटून बसतं आणि मेणचट कात टाकतं. मेलं समजून फेकू नका!

आता मुख्य गोष्ट. बटणांसारखी दाटीनं वाढणारी 'झोअँथिड' पोवळी चिवट, म्हणून नवख्यांच्या पेटीत हमखास असतात. त्यांतल्या काहींत, विशेषतः 'पालिथोआ'त, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. दगड बुळबुळीत दिसला की उकळतं पाणी ओतून खसाखसा घासावा, ही आपली सवय. इथे तीच घातक! उकळल्यानं हे विष जात नाही, उलट वाफेबरोबर श्वासात जातं. २०१८ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात पोवळी साफ करताना हे विष पसरलं आणि घरच्या माणसांबरोबर मदतीला आलेल्या अग्निशामक जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं.

म्हणून एवढं पाळा:

१. दगड कधीही उकळू नका, गरम पाण्यानं धुऊ नका, कोरडा घासू नका.

२. हात घालताना रबरी हातमोजे आणि चष्मा वापरा. हाताला जखम असेल तर काम दुसऱ्यावर सोपवा.

३. पेटीचं सामान स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका. बादली, ब्रश वेगळे ठेवा. मुलांना दूर बसवा.

४. नंतर ताप, खोकला, धाप किंवा तोंडाला धातूसारखी चव जाणवली, तर सगळ्यांनी घराबाहेर पडून लगेच डॉक्टर गाठावा. त्यांना 'पॅलिटॉक्सिन' हे नाव आवर्जून सांगा. नाहीतर साधा फ्लू समजला जाण्याची भीती असते.

हे नाव आजच एका चिठ्ठीवर लिहून पेटीला चिकटवून टाका, म्हणजे ऐन वेळी आठवत बसायला नको.