हिवाळ्याचा अंदाज आणि उघड्यावरची रात्र



मार्गशीर्ष लागला की वृत्तपत्रांतून थंडीच्या बातम्यांना बहर येतो. निफाडचा घसरलेला पारा, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गोठलेले दवबिंदू आणि काश्मीरमधील हिमवृष्टी ही तिन्ही चित्रे एकाच पानावर शेजारी शेजारी छापली जातात. वाचणाऱ्यास वाटावे की हिमालयातील बर्फ आता नाशिक ओलांडून खानवेलच्या वेशीवर येऊन थांबला आहे. त्याच सुमारास भारतीय हवामान विभागाचा डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांचा अंदाजही प्रसिद्ध होतो. यात्रेचे नियोजन, धर्मशाळेची व्यवस्था, ब्लँकेटवाटप अशा बाबतींत या अंदाजाचा आधार घ्यावा काय, अशी विचारणा सदस्यांकडून वारंवार होते; म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम बर्फाविषयी. आपल्या भागात हिमवर्षाव होत नाही व होण्याचे कारणही नाही. महाबळेश्वरला जे पांढरे थर दिसतात ते आकाशातून पडलेले हिम नव्हे. निरभ्र व निवांत रात्री जमिनीलगतचा ओलावा गोठून ते तयार होतात. आपल्याकडे आकाशातून खरोखर बर्फ पडतो तो गारांच्या रूपाने. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड परिसरातील द्राक्षबागांना गारपिटीने झोडपले, आणि त्याच अवकाळी वादळात गुजरातमध्ये वीज पडून वीसहून अधिक माणसे दगावली. ‘मिनी काश्मीर’च्या छायाचित्रांना मिळते तेवढी जागा या गारपिटीला मिळत नाही, हे मात्र खेदाने नमूद करावेसे वाटते.

आपल्याकडील थंडीचे मूळ पुष्कळ दूर आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ टाकून पूर्वेकडे सरकतात, आणि त्यांच्या पाठोपाठ उत्तरेचे कोरडे वारे राजस्थान, मध्य प्रदेश व गुजरात मार्गे आपल्यापर्यंत पोहोचतात. म्हणून हिमाचल वा काश्मीरमध्ये मोठी हिमवृष्टी झाल्याचे वृत्त आले व पाठोपाठ आपल्याकडचे आकाश स्वच्छ झाले, की पुढील दोन-तीन दिवसांत गारठा वाढण्याचा संभव असतो. विक्षोभ दुबळे पडले तर खुद्द हिमालयही कोरडा राहतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार महिनाभर बर्फाविना उघडे पडले होते, हे अनेकांस स्मरत असेल.

आता तीन महिन्यांच्या अंदाजाकडे वळू. हा अंदाज संभाव्यतेच्या भाषेत असतो. सरासरीहून थंड, सरासरीइतका व सरासरीहून उबदार असे हिवाळ्याचे तीन गट कल्पिले, तर काहीच ठाऊक नसताना प्रत्येकाची शक्यता सुमारे ३३ टक्के धरावी लागेल. एखाद्या प्रदेशासाठी उबदार हिवाळ्याची शक्यता ४५ टक्के सांगितली, याचा अर्थ अन्य दोहोंची मिळून ५५ टक्के उरतेच. शिवाय ही सर्व गणना तीन महिन्यांच्या सरासरीची आहे. त्या सरासरीच्या पोटात चार-सहा कडाक्याच्या रात्री सहज दडून राहू शकतात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे २०२४-२५ चा हिवाळा. देशाच्या बहुतेक भागांत तो सरासरीहून उबदार राहील असे हवामान विभागाने सांगितले होते. पुढे फेब्रुवारी २०२५ हा देशातील १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला; म्हणजे अंदाज चुकला असे म्हणता येणार नाही. तथापि त्याच हिवाळ्यात, डिसेंबरच्या मध्यास, परभणी व धुळे येथे किमान तापमान ५ अंशांच्या खाली उतरले होते. ‘ला निना आला, आता हाडे गोठणार’ हे दरवर्षीचे भाकीतही तितक्याच सावधपणे घ्यावे. त्याच जानेवारीत प्रशांत महासागरात क्षीण ला निना होता आणि पुढच्याच महिन्यात उष्णतेचा उच्चांक झाला.

‘थंडीची लाट’ या शब्दालाही निश्चित व्याख्या आहे. मैदानी केंद्रावर किमान तापमान १० अंश वा कमी असावे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीहून किमान ४.५ अंशांनी खाली असावे. अथवा पारा थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली जावा. दमणसारख्या किनारी ठिकाणी ही मर्यादा १५ अंशांची आहे. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश नोंदले गेले, मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४, तर पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजी १.७. या आकड्यांपुढे आपल्या डोंगरपट्ट्यातील अकरा-बारा अंशांची रात्र बातमीच्या लायकीची ठरत नाही. परंतु ज्याच्या अंगावर एक सुती चादर आहे, त्याला व्याख्येचा काय उपयोग?

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट ध्यानी घ्यावी. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. निरभ्र रात्री मोकळी जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते व जमिनीलगतची हवा पेटीतील हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होते. जड झालेली ती हवा डोंगरउतारावरून ओघळून साकरतोड नदीच्या काठासारख्या सखल जागी साचते. वीटभट्टीवरील गवताच्या झोपडीत, ऊसतोडणीच्या तळावर अथवा यात्रेच्या वाटेवर जमिनीवर निजलेल्या माणसाला मिळणारी थंडी ही बातमीतल्या आकड्याहून निराळीच असते. दिवाळीनंतर आपल्या आदिवासी पाड्यांतील कित्येक कुटुंबे लेकराबाळांसह अशाच तळांवर जातात. पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांच्या यात्रेस पायी जाणाऱ्या दिंड्यांचे मुक्कामही ऐन जानेवारीत पडतात.

म्हणून हंगामी अंदाजावर विसंबून ब्लँकेटांची संख्या कमी-अधिक करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी चार-पाच दिवसांचा अंदाज पाहावा. तो बराच अधिक भरवशाचा असतो. मात्र तो पाहताना आपण कोणत्या कार्यालयाच्या कक्षेत येतो, हे विसरू नये. मराठी वाहिन्यांवर ऐकू येतो तो मुंबई कार्यालयाचा कोकण व मध्य महाराष्ट्राचा अंदाज. दादरा व नगर हवेलीचा इशारा गुजरात विभागासमवेत अहमदाबादहून निघतो. खानवेल दोहोंच्या सीमेवर असल्याने दोन्ही पाहणे उत्तम. विशेषतः नाशिक घाटमाथ्याचा इशारा आपल्यासाठी डोळ्यांआड करण्याजोगा नाही.

ब्लँकेटवाटप संक्रांतीच्या मुहूर्तावर करण्याचा प्रघात बऱ्याच ठिकाणी आहे. तोवर निम्मा हिवाळा सरलेला असतो व कामावर जाणारी कुटुंबे केव्हाच पाडा सोडून गेलेली असतात. हे वाटप कार्तिकी पौर्णिमेच्या आत, कुटुंबे निघण्यापूर्वी व्हावे, आणि ब्लँकेटासोबत खाली अंथरण्यास जाड सतरंजी वा ताडपत्रीही द्यावी, कारण निम्मी थंडी खालून लागते, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळाच्या आगामी बैठकीत मांडणार आहे. सदस्यांनी आपली मते अवश्य कळवावीत.

चोवीस तासांतील सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या आसपासची असते. वृद्ध व हृदयविकार असलेल्या भाविकांनी कडाक्याच्या दिवसांत काकडआरतीऐवजी सकाळच्या पूजेस यावे. धर्मशाळेच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी कोणीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि निजलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. शेकोटी हवी असल्यास ती अंगणातच करावी; लाकूड सेवेकऱ्यांकडे मिळेल.

— सचिव