बंगला बंद आहे, हौद उघडा आहे

अलिबाग तालुक्यात ज्यांचे ज्यांचे बंगले आहेत त्या सगळ्यांना ही विनंती आहे, आणि ती दिवाळीपर्यंत थांबण्यासारखी नाही. पाऊस ओसरला, ऊन तापू लागलं. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या वाड्यांमध्ये बंद बंगल्यांच्या मागे पोहण्याचे हौद जूनपासून तसेच पडून आहेत. त्यांचं पाणी हिरवं झालंय. काही ठिकाणी ते इतकं दाट आहे की पोफळीची झावळी पडली तरी वीतभर खाली गेलेला भाग दिसत नाही. तुमचा हौद त्यातला असेल तर या आठवड्यात या. येणं जमत नसेल तर किल्ली कुणाकडे तरी द्या.

मी आवासला राहते. आमच्या घरामागे एक बंगला आहे, मालक वर्षातून दोनदा येतात. गेल्या महिन्यात तिथल्या राखणदाराचा सहा वर्षांचा मुलगा कडेच्या लाद्यांवरून घसरला आणि हौदात गेला. लाद्यांवरही शेवाळच होतं. तो शिडीजवळ पडला आणि दांडी हाताला लागली, म्हणून वाचला. त्याची आई ओरडत आली तेव्हा मी कुंपणापाशी होते. मी पाण्याकडे पाहिलं आणि मला काहीच दिसलं नाही. मूल आत आहे की बाहेर आलंय, हेही कळेना. ते चार-पाच क्षण माझ्या मनातून जात नाहीत. निळ्या पाण्यात बुडणारं माणूस वरून दिसतं. हिरव्या पाण्यात ते हाताने चाचपडून शोधावं लागतं, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ३ लाख माणसं बुडून मरतात, त्यांत लहान मुलं फार. तुमच्या बंगल्यात सगळ्यात जास्त वेळ कोण असतं ते आठवून पाहा. तुमची मुलं सुट्टीपुरती येतात. राखणदाराची मुलं तिथेच वाढतात.

आता डासांचं. डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या पण स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. मग हिरव्या हौदाशी त्याचा काय संबंध, असं मला एकांनी विचारलं. संबंध आहे. क्लोरीन संपल्यावर पाणी लगेच हिरवं होत नाही; काही दिवस ते निळंच दिसतं, आणि तेवढे दिवस डासाला पुरतात. अंड्यापासून उडता डास तयार व्हायला गरम हवेत आठ-दहा दिवस लागतात. पुढे पाणी हिरवं झालं की मलेरियाच्या ॲनोफेलिसला ते चालतं. पानं कुजून वास यायला लागला की हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्सची सोय होते. शिवाय हौदावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या, स्किमरचा डबा, उघड्यावर पडलेल्या आरामखुर्च्या, कुंड्यांखालच्या ताटल्या यांत पावसाचं पाणी असतंच, आणि एडिसला त्याच जागा सगळ्यात आवडतात. डास कुंपण पाहून थांबत नाही. मालक मुंबईत असतात, ताप आमच्याकडे येतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात बेकर्सफील्ड नावाचं शहर आहे. २००७ मध्ये तिथे कर्ज थकल्यामुळे असंख्य घरं रिकामी पडली आणि घरामागचे हौद हिरवे झाले. त्या वर्षी पाऊस कमी होता, म्हणजे डासांना वर्ष वाईट. तरीही उन्हाळ्यात डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाईल तापाचे रुग्ण झपाट्याने वाढले. संशोधकांनी विमानातून काढलेले फोटो तपासले तेव्हा दिसणाऱ्या हौदांपैकी साधारण सहापैकी एक हिरवा होता. सोडून दिलेला हौद ही एका घराची बाब राहत नाही, हे तिथल्या लोकांनी तापाने फणफणून शिकलं. आपल्याकडे पाऊस भरपूर, ऊन भरपूर, आणि बंद बंगलेही भरपूर.

माझी खरी विनंती इथून पुढे आहे. सहसा काय होतं? वसुबारसेच्या आदल्या दिवशी मुंबईहून फोन येतो, "उद्या सकाळी पोचतोय, पूल साफ करून ठेव." पोहता न येणारा माणूस कमरेएवढ्या हिरव्या पाण्यात उतरतो, हाती लागेल ती पावडर आणि ॲसिड एकदम ओततो आणि रात्रभर खोकत बसतो. कृपा करून असा फोन करू नका. गडद हिरवा हौद एका रात्रीत साफ होत नाही. चार ते सात दिवस लागतात. तेवढे द्या आणि त्या दिवसांचे वेगळे पैसे द्या.

पहिलं काम जाळीचं. तळातली पानं, फांद्या, मेलेले बेडूक निघाल्याशिवाय क्लोरीनला हात लावू नका, कारण कुजलेला पाला क्लोरीन खातो आणि शेवाळाच्या वाट्याला काही उरत नाही. घाई झाली की हेच काम टाळलं जातं, आणि मग पोतंभर पावडर घालूनही पाणी हिरवंच, अशी तक्रार येते. तळ दिसत नसेल तर लांब दांड्याची जाळी काठावर उभं राहूनच फिरवा. कुणीही पाण्यात उतरू नका. त्याआधी पंपाचा वीजपुरवठा मुख्य बटणापासून बंद करा. पंपाच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं असेल तर इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय तिथे पाय ठेवायचा नाही.

मग पाण्याचा पीएच तपासा. तपासणीची छोटी पेटी औषधं विकणाऱ्याकडे मिळते. पीएच ७.५च्या आसपास असला तर क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जोमाने काम करतो, ८वर गेला तर जेमतेम पाव. म्हणून आधी पीएच ७.२पर्यंत खाली आणा. त्यासाठी ॲसिड वापरणार असाल तर बादलीभर पाण्यात थोडं थोडं ॲसिड सोडा, ॲसिडवर पाणी कधीही ओतू नका. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि वारा पाठीकडून. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद पंपखोलीत तो माणसाचा जीव घेऊ शकतो. क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर यांची तर एकमेकांशी गाठच पडू देऊ नका, एका बादलीत, एका मापातसुद्धा नाही. त्या मिश्रणाने पेट घेतल्याचे अपघात झालेले आहेत.

नंतर भिंती घासा. शेवाळावर बुळबुळीत थर असतो आणि तो फुटल्याशिवाय औषध आत जात नाही. लाद्यांना नायलॉनचा ब्रश पुरतो. सांध्यांमध्ये काळे ठिपके धरले असतील तर तिथे जोर लावावा लागतो, कारण तिथलं शेवाळ मुळासारखं आत घट्ट बसलेलं असतं.

क्लोरीन संध्याकाळी घाला. भर उन्हात उघडं क्लोरीन दोनेक तासांत बहुतेक उडून जातं, आणि दुपारी बारा वाजता ओतलेली पावडर म्हणजे पैसे पाण्यात. हिशोब सोपा आहे. हौद ३० फूट लांब, १५ फूट रुंद आणि सरासरी ४ फूट खोल असेल तर त्यात सुमारे ५१,००० लिटर पाणी मावतं. हिरव्यागार पाण्याला २० पीपीएमपर्यंत क्लोरीन लागतं, म्हणजे एक किलो निव्वळ क्लोरीन. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतं, तेव्हा ती तीन किलो लागेल. ६५ टक्क्यांचे दाणे असतील तर दीड किलो. १० टक्क्यांचं द्रव क्लोरीन असेल तर दहा लिटर. पावसाळाभर उघडी राहिलेली जुनी पावडर असेल तर हा हिशोब विसरा, तिच्यातलं क्लोरीन केव्हाच निघून गेलेलं असतं. पावडर बादलीत कालवून वरची निवळी ओता, खालचा चुना हौदात जाऊ देऊ नका.

सगळं आवरल्यावर, वायरिंग ठीक असल्याची खात्री करून, पंप सुरू करा. फिल्टर रात्रंदिवस चालू द्या आणि दाब वाढला की उलटा धुवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी राखाडी, दुधाळ दिसेल. घाबरू नका, ते मेलेलं शेवाळ आहे. मात्र क्लोरीन घालताच पाणी चहासारखं तपकिरी झालं तर ते शेवाळ नव्हे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातलं लोह आहे. त्यावर आणखी क्लोरीन ओतून उपयोग नाही, फिल्टरलाच वेळ द्यावा लागतो. मेलेला गाळ तळाशी बसला की व्हॅक्यूमने थेट बाहेर काढा. संध्याकाळी मोजलेलं क्लोरीन सकाळी ऊन पडण्याआधी पुन्हा मोजा. एका पीपीएमपेक्षा जास्त घट नसेल तर शेवाळ संपलं. घट असेल तर पुन्हा घासा, पुन्हा घाला. तळातल्या निचऱ्यावरची जाळी काठावरून स्वच्छ दिसेपर्यंत आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर उतरेपर्यंत कुणीही पोहायला उतरायचं नाही.

मोरचूद वापरू नका. शेवाळ मरतं खरं, पण तांबं पाण्यात राहतं, भिंतींवर डाग पडतात, आणि ते पाणी ओढ्यात गेलं की मासे आणि बेडूक मरतात. क्लोरीनचं पाणीही शेजारच्या आगरात किंवा विहिरीलगत सोडू नका. चार-पाच दिवस उन्हात ठेवून त्यातलं क्लोरीन शून्यावर आल्याचं तपासा, मगच थोडं थोडं सोडा.

कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, सगळं पाणी उपसून टाका. मी हे दोन कारणांनी करू नका म्हणते. एक, ५१,००० लिटर म्हणजे दहा हजारांचे पाच टँकर. मार्च-एप्रिलमध्ये इथल्या बायका हंडे घेऊन कुठे कुठे जातात ते पाहिलेल्या माणसाला पाच टँकर गटारात सोडवत नाहीत. दोन, आपल्या किनारपट्टीच्या वाड्यांत जमिनीतलं पाणी पावसाळ्यानंतर फार वर असतं. अशा वेळी हौद रिकामा केला तर खालचं पाणी त्याला होडीसारखं वर ढकलतं. लाद्या फुटतात, पाइप तुटतात, कधी अख्खा हौद जागचा हलतो. एप्रिल-मे महिन्यात, विहिरीची पातळी पाहून, जाणत्या माणसाला विचारून रिकामा करा.

आणि ज्यांना हे सगळं या महिन्यात खरोखरच शक्य नाही? घरात आजारपण असतं, भावाभावांत वाटण्यांचा खटला चालू असतो, कुणी परदेशात असतं. मी हे दोष म्हणून सांगत नाही. पण तेवढ्यासाठी हौद तसाच ठेवू नका. आरोग्य केंद्रात विचारा, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडण्याचं काम आरोग्य खातं वर्षानुवर्षं करत आलंय. मूठभर मासे सोडले की ते हिरव्या पाण्यातही जगतात आणि वाढतात. मात्र त्यानंतर त्या पाण्यात क्लोरीन घालायचं नाही, आणि ते मासे ओढ्यात किंवा खाडीत सोडायचे नाहीत, तिथले आपले मासे त्यांना बळी पडतात. हौदाभोवती चार फूट उंच जाळीचं कुंपण घाला, फाटकाला आतून कडी लावा आणि ती लहान मुलाच्या हाताला येणार नाही एवढी वर असू द्या. काठावर एक लांब बांबू आणि दोरी बांधलेली हवा भरलेली ट्यूब ठेवा. एवढं करायला दोन दिवस पुरतात आणि फार खर्च येत नाही.

राखणदारांनाही एक सांगणं आहे. दादांनो, ताईंनो, मालकाचा फोन आला तरी तळ न दिसणाऱ्या पाण्यात उतरू नका. "मी काठावरून करतो, चार दिवस लागतील," असं स्पष्ट सांगा. आठवड्यातला एक दिवस कोरडा दिवस पाळा. ताडपत्रीवरचं पाणी झटका, कुंड्यांच्या ताटल्या पुसा, खुर्च्या उलथून ठेवा. आणि मुलांना घरात घ्या, निदान हौद साफ होईपर्यंत.

आम्ही आवासचे काही जण येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी सात ते दहा मोकळे आहोत. आमच्याकडे तीन लांब जाळ्या, दोन ब्रश आणि पाणी तपासायची पेटी आहे. पानं काढणं, भिंती घासणं आणि कुंपण बांधणं आम्ही करू, पैसे नकोत. औषध तुमचं, आणि वीज जोडून द्यायला इलेक्ट्रिशियन तुमचा. मालकाच्या परवानगीशिवाय आम्ही कुणाच्या फाटकात पाऊल टाकणार नाही, म्हणून ग्रामपंचायतीत बंगल्याचं नाव, किल्ली कुणाकडे आहे ते आणि "हौद साफ करायला हरकत नाही" एवढी एक ओळ लिहून पाठवा. शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचली तर रविवारी पहिल्यांदा तुमच्याकडे येऊ. ज्या बंगल्यात लहान मुलं राहतात त्यांचा नंबर सगळ्यांच्या आधी.