उसनी तरतरी

सी.ए.च्या परीक्षा जवळ आल्या की औषधांच्या दुकानात एक निराळेच गिऱ्हाईक डोकावू लागते. दुकानदार ओळखीचा असतो, पुष्कळदा नात्यातलाही असतो. मुलगा गल्ल्याजवळ येऊन खालच्या आवाजात एका गोळीचे नाव घेतो आणि म्हणतो, “काका, चिठ्ठी नंतर आणून देतो.” गोळी मिथाइलफेनिडेटची असते. ती घेतली की झोप लागत नाही आणि वाचलेले लक्षात राहते, असे त्याला वसतिगृहातल्या मित्राने सांगितलेले असते. काका नाही म्हणतात तेव्हा दोघांनाही अवघडल्यासारखे होते.

या गोळीच्या नावाची कथा मोठी घरगुती आहे. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सिबा कंपनीत काम करणाऱ्या लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने १९४४ साली हे द्रव्य तयार केले. त्याच्या पत्नीचे नाव मार्गारीट, लाडाचे नाव रीटा. टेनिस खेळण्यापूर्वी ती हे औषध घेत असे आणि तिचा खेळ सुधारत असे. तिच्याच नावावरून औषधाला ‘रिटालिन’ हे नाव मिळाले आणि १९५४ साली ते बाजारात आले.

उत्तेजक औषधांचे मूळ मात्र याहून बरेच जुने आहे. ‘माहुआंग’ या झुडपाचा चिनी वैद्य दम्यासाठी व सर्दीसाठी शतकानुशतके उपयोग करीत आले. (पारशी बांधवांच्या धर्मविधीतील ‘होम’ ही वनस्पती याच कुळातली आहे.) १८८५ साली नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने त्यातून एफेड्रिन वेगळे केले. १८८७ साली लाझार एडेलेआनू या रुमानियन रसायनशास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये ॲम्फेटामिन बनविले. पण त्याचे करायचे काय हे कोणालाच सुचले नाही आणि सुमारे चाळीस वर्षे ते पडून राहिले. पुढे एफेड्रिनला स्वस्त पर्याय शोधताना अमेरिकेतील गॉर्डन ॲलिस यांनी १९२९ साली ते स्वतःवरच वापरून पाहिले. नाक मोकळे झाले, चित्त प्रसन्न झाले, पण रात्रीची झोप गेली. तरतरी आणि जागरण ही जोडी पहिल्याच प्रयोगात दिसली होती. तरीही लवकरच ॲम्फेटामिन ‘बेंझेड्रिन’ या नावाने नाकाने हुंगण्याच्या नळीत भरून सर्रास विकले जाऊ लागले.

नंतर महायुद्ध आले. जर्मन सैनिकांना ‘पर्व्हिटिन’ नावाच्या मेथॲम्फेटामिनच्या गोळ्या कोट्यवधींच्या संख्येने वाटण्यात आल्या. जपानमध्ये युद्धानंतर याच जातीच्या ‘हिरोपॉन’चे व्यसन इतके पसरले की १९५१ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

याच कुळातील औषधाने मुलांचे भले केले, तेही योगायोगाने. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात मनोविकारग्रस्त मुलांच्या एका रुग्णालयात डॉ. चार्ल्स ब्रॅडली काम करीत. मेंदूची क्ष-किरण तपासणी करण्यासाठी त्या काळी मणक्यातील द्रव काढून हवा भरीत. त्यानंतर मुलांची डोकी असह्य दुखत. त्यावर उपाय म्हणून ब्रॅडली यांनी बेंझेड्रिन दिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही; परंतु एका जागी न बसणारी काही मुले शाळेत लक्ष देऊ लागल्याचे शिक्षकांच्या ध्यानात आले. मुलांनी तर त्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव ठेवले. ब्रॅडली यांनी तीस मुलांवरील ही निरीक्षणे १९३७ साली प्रसिद्ध केली.

उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत कसे होते? मेंदूतील डोपामिन व नॉरॲड्रेनालिन ही संदेशवाहक द्रव्ये पेशींमधील फटीत सोडली जातात व परत शोषली जातात. मिथाइलफेनिडेट हे परत शोषणे रोखते. त्यामुळे लक्ष आवरून धरणाऱ्या भागाला बळ मिळते आणि मुलाला स्वतःला थांबवता येते. ज्या मुलाला अवधानदोष आहे, म्हणजे बारा वर्षांच्या आतच लक्षणे दिसू लागली आहेत आणि ती घरी व शाळेत दोन्हीकडे दिसतात, त्याच्यासाठी हे औषध चष्म्याइतके उपयोगी ठरू शकते. भूक मंदावणे, झोप उडणे, नाडी व रक्तदाब वाढणे हे त्याचे त्रास आहेत. म्हणून डॉक्टर उंची, वजन व हृदय तपासत राहतात. अवेळी अनावर झोप येण्याच्या विकारातही ही औषधे देतात.

निरोगी विद्यार्थ्याचा हिशेब वेगळा आहे. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग व्यापारी घरांत सहज कळेल असा आहे. ठरावीक वजन पेलणारी पिशवी, निरनिराळ्या वजनाच्या व किमतीच्या वस्तू. पिशवीत जास्तीत जास्त किमतीचा माल कसा बसवायचा? गोळ्या घेतलेल्या तरुणांनी अधिक वेळ दिला, अधिक हालचाली केल्या, पण त्यांचे काम नकली गोळीवर असताना केलेल्या कामापेक्षा कमी दर्जाचे झाले. मेहनत वाढली, निवड बिघडली. शिवाय रात्रीची बुडालेली झोप ही ओव्हरड्राफ्टसारखी असते. उचल आज, व्याज परीक्षेच्या दिवशी.

काकांच्या नकारामागे कायदाही उभा आहे. मिथाइलफेनिडेट ‘शेड्यूल एक्स’मध्ये मोडते. त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक प्रत दुकानात दोन वर्षे जपावी लागते. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही ते आहे. नात्यातल्या मुलाला दिलेली एक पट्टी हा शेजारधर्म आहे, असे तपासनीस मानीत नाही. एफेड्रिनवरही कच्चा माल म्हणून नियंत्रण आहे. २०१६ साली सोलापूरजवळच्या एका कारखान्यात ठाणे पोलिसांनी ते टनावारी जप्त केले, तेव्हा औषधधंद्यातील पुष्कळांची झोप गोळीवाचूनच उडाली.

या कडकपणाची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. झंझट नको म्हणून पुष्कळ दुकानदार हा परवानाच घेत नाहीत. खरोखर गरज असलेल्या मुलाचे आईवडील मग दर महिन्याला मोठ्या शहराची वाट धरतात. जाताना शेजाऱ्यांना सांगतात, “मालाच्या खरेदीला चाललो आहोत.” कारण मुलाला डोक्याचे औषध चालू आहे हे कळले, तर पुढे सोयरीक जमवताना कोणी तरी ते उकरून काढील, अशी त्यांना धास्ती असते. मूल तेव्हा आठ वर्षांचे असते.