पंप गेला म्हणता? आधी घड्याळ लावा



माघात उमरठला गेलो होतो. पोलादपूर तालुक्यातले, नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव. कापूस-ज्वारीवाल्या माणसाला तो मुलूख परका. डोंगरउतार, भाताची खाचरे, नाचणी-वरीचे तुकडे, आणि पाऊस असा की आपल्या तीन-चार वर्षांचा तिथे एका पावसाळ्यात पडून जातो. तरी एक वस्तू ओळखीची दिसली. लहान ट्रॅक्टर आणि त्याच्या पुढे लोडर. आपल्याकडे पऱ्हाटीच्या ओळींतून चालतो त्याच ताकदीचा. तिथे तो शेणखत भरतो आणि पावसाळ्यात वाटेवर आलेली माती बाजूला सारतो. 22 जुलै 2021 रोजी याच तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथे दरडी कोसळून माणसे गेली. मोठे यंत्र जिथे वळत नाही अशा वाटांवर या लहान लोडरची किंमत काय, हे त्या गावांना सांगावे लागत नाही.

मालक म्हणाला, "पावनं, सकाळच्याला लिव्हर वढला की विडी वडून होतेय, पर बकेट काय वर येत नाय." मिस्त्री येऊन गेला होता. त्याने लिव्हर दोनदा ओढला, कान लावला आणि सांगितले, पंप गेला, साडेचौदा हजार. काही मोजले नाही, काही उघडले नाही. साडेचौदा हजार म्हणजे किती ते आपल्या मापाने पाहू. 2025-26 चा संकरित ज्वारीचा हमीभाव 3,699 रुपये. म्हणजे जवळजवळ चार क्विंटल ज्वारी. तीही हमीभाव हातात पडला तर.

माझे म्हणणे एवढेच आहे. मोजल्याशिवाय पंप बदलायचा नाही. कापूस काट्यावर चढल्याशिवाय व्यापारी आपल्याला एक पैसा देत नाही. मग मिस्त्रीच्या कानावर भरवसा ठेवून आपण का द्यायचे?

यातले गणित अवघड नाही. तेलाचा दाब वजन उचलतो आणि तेलाचे प्रमाण वेग देते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि निम्मे नुकसान त्यांची गल्लत केल्याने होते. बकेट वेगाने हलते पण ओझे उचलत नाही, तर दाबाकडे पाहा. ओझे उचलते पण रेंगाळत उचलते, तर तेल कमी पोचते आहे. अशा वेळी रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळणारे महाभाग गावोगाव आहेत. त्याने वेग वाढत नाही, होज पाईप मात्र फुटतो.

उदाहरण घ्या. लोडर उचलणारे दोन सिलेंडर, आतून 50 मिलिमीटर रुंद, दांडा 400 मिलिमीटर बाहेर येणारा. दोन्ही भरायला साधारण दीड लिटरहून थोडे जास्त तेल लागते. पंप मिनिटाला 16 लिटर देत असेल तर बकेट तळापासून वरपर्यंत सहा सेकंदांत गेली पाहिजे. पंप इंजिनावर फिरतो. इंजिनाचे फेरे 2,000 ऐवजी 1,000 ठेवले तर तोच चांगला पंप बारा सेकंद घेणार. उमरठच्या मिस्त्रीने ट्रॅक्टर मंद रेसवर ठेवून निकाल दिला होता! कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांवर इंजिन ठेवा, मगच घड्याळ लावा.

चार वेळा मोजायचे. सकाळी तेल थंड असताना रिकामी बकेट, मग भरलेली. दोन तास काम झाल्यावर पुन्हा रिकामी आणि पुन्हा भरलेली. हे चार आकडे वहीत लिहा, त्यात सगळे दडलेले आहे. रिकामी आणि भरलेली दोन्ही सारखीच हळू असतील तर पंपाला प्यायलाच तेल मिळत नाही असे समजा. तेलाची पातळी पाहा, तेल ओढणाऱ्या नळीतली जाळी पाहा. थंडीत हळू आणि उन्हात ठीक, तर तेल जाड आहे किंवा जाळी चोंदली आहे. पंप कण्हत असेल तरी संशय जाळीवरच. तेलाला फेस येत असेल तर ओढणाऱ्या नळीच्या जोडातून हवा शिरते आहे. आणि रिकामी बकेट ठीक जाते, ओझ्याने मात्र रेंगाळते, तेल तापले की जास्तच, तर दाब चढल्यावर आतल्या आत तेल पळते आहे. तो पंप असेल, व्हॉल्व्ह असेल, सिलेंडरचे सील असेल. पंप कधी झिजतच नाही असे मी म्हणत नाही. झिजतो. पण मग मिस्त्रीने दाबाचे घड्याळ लावून तो आकडा दाखवावा.

उचलणे ठीक पण बकेट वळवणे तेवढे हळू असेल तर पंपाचे नावच काढू नका. दोन्हींना तेल देणारा पंप एकच आहे. त्या एका कामाचा होज, कपलर, नाहीतर सिलेंडर. कपलर पुरता बसलेला नसला तरी आत तेलाची वाट अर्धी बंद राहते आणि बाहेरून काही दिसत नाही. काही ट्रॅक्टरांना तेल मागच्या लिफ्टकडे की बाहेर, हे ठरवणारा नॉब असतो. तो अर्धवट राहिला की हाच त्रास. फुकटातले दोष आधी तपासा, पैशाचे मागून.

उमरठला आम्ही तेलाची पट्टी काढली तर तेल ताकासारखे पांढरे. ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर होता, पाणी आत गेले होते. जाळी काढली तर तिच्यावर बोटभर चिखल. जाळी धुतली, तेल बदलले, तेही पुस्तकात सांगितलेलेच. बहुतेक ट्रॅक्टरांत हे तेल गिअरबॉक्सचे आणि तेलातल्या ब्रेकचेही असते, तिथे दुकानदार देईल ते तेल चालत नाही. तेरा सेकंदांची बकेट सातवर आली. पंप तोच.

आपल्याकडे पाणी नाही, धूळ आहे. एप्रिलच्या वाऱ्यात उकिरडा भरताना लोडर जोडायचा-सोडायचा आणि कपलरची टोपणे बांधावर विसरायची, ही आपली सवय. ती माती पंपाला पॉलिश पेपरसारखी घासते.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. उचललेल्या बकेटखाली कुणीही जायचे नाही, अगदी मिस्त्रीनेही. होज सोडण्याआधी बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर पुढे-मागे करून दाब घालवा. बारीक गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालची तेलाची धार कातडीत शिरते. वर टाचणीएवढे भोक दिसते आणि आत बोट सडते. लगेच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे गेले पाहिजे, दुखायची वाट पाहायची नाही.

आता विकणाऱ्यांकडे येऊ. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालांत पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो, रिलीफ व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो, हे मोजून छापलेले असते. इंग्रजीत. ज्याने पैसे मोजले त्याला हे दोन आकडे आणि जाळी कुठे आहे एवढे मराठीत लिहून द्यायला विक्रेत्याचे काय जाते? 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारे होती. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्याला आपले यंत्र आपण दुरुस्त करता यावे म्हणून कायदा केला, तो 1 जानेवारी 2024 पासून लागू आहे. आपण कायद्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. पंप बदलायचाच झाला तर आधी दाबाचा आकडा बिलावर लिहून घ्या, जुना पंप घरी न्या. आणि बिलात कराचा रकाना वाचा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांच्याकडे लोडर आहे त्यांनी आपले चार आकडे, ट्रॅक्टरचे मॉडेल आणि इंजिनाचे फेरे लिहून आणावेत. मॉडेलवार यादी करून बैठकीतच वाचू. कुणाला पंप गेल्याचे सांगून पैसे घेतले असतील आणि जुना पंप घरात पडला असेल, तर तोही पोत्यात घालून आणा.