पद्मिनीचा मोह आणि एस्टीमचा हिशेब

नंदुरबार जिल्ह्यात आठवडे बाजाराच्या दिवशी शहादा किंवा तळोद्याच्या रस्त्यावर एका मोटारसायकलवर चौघांचं कुटुंब सहज दिसतं. मोठं लेकरू टाकीवर, धाकटं मागे आईच्या मांडीवर, हँडलला दोन पिशव्या. एसटी हव्या त्या वेळेला मिळत नाही, काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि नव्या चारचाकीचा हप्ता पगारात बसत नाही. अशा घरात जुन्या मोटारीचा विषय निघतो तो गरजेतून. पण गाडी निवडायची वेळ आली की हौसही बैठकीला येऊन बसते. मग एखादी रंग देऊन चकचकीत केलेली पद्मिनी, महिंद्राची उघडी जीप, नाहीतर नात्यातल्या कुणीतरी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली अ‍ॅम्बॅसॅडर डोळ्यांसमोर येते.

हौसेला नावं ठेवायचं कारण नाही. जुन्या गाडीचं बोनेट उघडलं की आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं, आणि हातात पाना धरता येणाऱ्या माणसाला ती लवकर आपली वाटते. काचा मोठ्या, खांब बारीक, त्यामुळे चहूबाजूंचा रस्ताही दिसतो. मात्र घरात शाळेत जाणारी लहान मुलं असतील तर दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. मागच्या सीटवर मुलांना बांधायला पट्टा आहे का? आणि गाडी बंद पडली तर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात तिचा सुटा भाग व ती उघडणारा मेस्त्री मिळतो का? या दोन प्रश्नांपुढे रेट्रो गाड्यांची लांबलचक यादी फार लवकर आखूड होते.

पद्मिनीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण मराठी माणसाचा जीव तिच्यातच सर्वांत जास्त अडकलेला आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्यावर 1100 मालिकेतल्या गाड्या निघाल्या आणि त्यांतलीच एक सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. उत्पादन 2000 च्या आसपास थांबलं. मुंबईत काळीपिवळी टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती. टॅक्सीला वयोमर्यादा 20 वर्षांची, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तेव्हापासून तिच्याविषयीची ओढ वाढली आहे, आणि ओढीबरोबर किंमतही. नीट उभी केलेली पद्मिनी आता काही लाखांत विकली जाते.

या पैशात कुटुंबाला मिळतं काय? 1089 सीसीचं, सुमारे 40 अश्वशक्तीचं इंजिन, मागे पाटे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. सपाटीवर ती आजही सुरेख चालते. पण नंदुरबारच्या कुटुंबाची सहल तोरणमाळची असते. समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास असलेल्या त्या पठारावर सातपायरी घाटाने चढायचं आणि त्याच वळणांनी, पाच माणसं घेऊन, उतरायचं. लांब उतारावर ड्रममध्ये उष्णता कोंडते आणि ब्रेकची पकड ढिली पडत जाते. पाय दाबलेला असतो, गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. जुन्या काळचे चालक दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या ताकदीवर गाडी रोखत उतरायचे. त्यांचा तो हात बसायला वर्षं गेली होती. इकडचा उन्हाळाही विसरता येत नाही. पारा 43-44 अंशांवर गेला की तापलेल्या इंजिनाला चिकटलेल्या पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकून वाट बघणं हा त्यावरचा जुना उपाय. एकट्या हौशी माणसाला तो गमतीचा वाटेल, तापाने फणफणलेलं मूल घेऊन दवाखान्याला निघालेल्या आईला नाही.

पट्ट्यांचा मुद्दा तर आणखी सरळ आहे. आपल्याकडे नव्या गाड्यांना पुढच्या सीटचे पट्टे 1994 पासून सक्तीचे झाले आणि मागच्या सीटचे त्यानंतर काही वर्षांनी. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा सांगतो की 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन हवंच. नाहीतर 1,000 रुपये दंड. ज्या गाडीच्या मागच्या बाजूला पट्टा अडकवायला जागाच दिलेली नाही, तिच्यात हे कसं पाळणार? पत्र्याला भोक पाडून बसवलेला पट्टा धक्क्यासरशी पत्र्यासकट उपटून येऊ शकतो.

अ‍ॅम्बॅसॅडर ऐसपैस आहे, यात वाद नाही. हिंदुस्तान मोटर्सने ती 2014 पर्यंत बनवली आणि 1992 पासून मिळालेल्या 1817 सीसीच्या इसुझू इंजिनाने तिला घाट चढायचं बळही दिलं. पण विम्याचं गणित बघावं. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार 1500 सीसीच्या वरच्या खासगी मोटारीला नुसत्या थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता 7,897 रुपये. 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्याखाली 2,094 रुपये. गाडीच लाखाच्या आत घेणाऱ्याला हा फरक दरवर्षी बोचतो.

जीपविषयी लिहिताना सातपुड्यातल्या लोकांच्या मनातला तिचा मान ठाऊक असावा लागतो. मोलगी, धडगावकडच्या पाड्यांना जीप आणि ट्रॅक्सनेच तालुक्याशी जोडून ठेवलं. चांदसैली घाटातल्या वळणांवर आणि कच्च्या रस्त्यावर तिच्याइतकी भरवशाची गाडी नव्हती. तरीही घरातली एकुलती गाडी म्हणून ती निवडू नये. मागे समोरासमोरची बाकडी, पट्टे नाहीत, कित्येकींना दारंही नाहीत. एका तासाच्या प्रवासात लहान मूल झोपणार आणि झोपलेलं मूल वळणावर बाकड्यावरून घसरणार. शेतावर जाणाऱ्या मोठ्यांसाठी जीप जरूर असावी.

मग उरतं काय? मारुती. ऐकायला फिकं वाटेल, पण उत्तर हेच आहे.

मारुती 800 पहिल्यांदा 14 डिसेंबर 1983 रोजी ग्राहकाच्या हातात गेली आणि शेवटची जानेवारी 2014 मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. तीस वर्षं बनलेल्या या गाडीचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन न पाहिलेला मेस्त्री खानदेशात सापडणार नाही. तेच घराणं ओम्नीत होतं आणि ओम्नी 2019 पर्यंत बनत राहिली, म्हणून सुट्या भागांची चणचण नाही. नवरा-बायको आणि दोन लहान मुलं, रोजची शाळा आणि बाजार, एवढंच काम असेल तर 2000 नंतरची, इंजेक्शनवाली 800 पुरते. कार्बोरेटरची मात्र घेऊ नये. ती स्वस्तात मिळते, पण दर हिवाळ्यात सकाळी चोक ओढत बसायला लावते.

आजी-आजोबाही सोबत येणार असतील तर खरी गाडी एस्टीम. ही गाडी लोक विसरले आहेत आणि म्हणूनच ती अजून परवडते. 1994 मध्ये आलेली ही डिक्कीवाली मारुती त्या काळी अधिकाऱ्या-व्यापाऱ्यांची गाडी होती. तिच्या इंजेक्शनवाल्या 1298 सीसी इंजिनाला सुमारे 85 अश्वशक्ती मिळते, म्हणजे पद्मिनीच्या दुप्पट, आणि वजन जवळजवळ पद्मिनीएवढंच. पुढे डिस्क ब्रेक. याच जातीचं इंजिन जिप्सी किंगमध्ये आणि सुरुवातीच्या 1.3 लिटरच्या पेट्रोल स्विफ्टमध्येही होतं, त्यामुळे गास्केट, बेअरिंग, पंप यांसाठी मुंबई गाठावी लागत नाही. शेवटच्या वर्षांतल्या, म्हणजे 2003 ते 2007 मधल्या, गाड्यांना मागेही पट्टे सापडतात. उणिवा आहेत: पत्रा पातळ, आणि पाच माणसं बसली की मागची बाजू खाली बसते, गतिरोधकावर पोट घासतं. मागच्या स्प्रिंगा बदलून हे बरंचसं सुधारतं.

नॅनोचं नावही बऱ्याच घरांत निघतं. दुचाकीवरचं भिजणारं कुटुंब पाहून रतन टाटांनी ती कल्पना धरली आणि जानेवारी 2008 मध्ये गाडी जगासमोर आणली. हेतू थोर होता आणि आजच्या नंदुरबारलाही तो लागू पडतो. पण 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन दुसऱ्या कुठल्या मोटारीत नाही आणि उत्पादन 2018 मध्ये थांबलं; यापुढे भाग मिळणं दर वर्षी अवघड होत जाईल.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करून घेतलेली जुनी गाडी नव्यापेक्षा महाग पडते. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून नूतनीकरण. एप्रिल 2022 पासून त्याचं शुल्क 5,000 रुपये झालं आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने 20 वर्षांवरच्या गाडीसाठी ते 10,000 केलं. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरण रखडलं असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याला 500 रुपये चढतात. चार वर्षं अंगणात पडून राहिलेल्या ‘स्वस्त’ गाडीवर 24,000 रुपये तिथेच बसलेले असतात. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला 2021 च्या नियमांनी व्हिंटेजची खास नोंदणी मिळते खरी, पण तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन आणि रॅलीपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. मुलांना शाळेत सोडायला तिचा उपयोग शून्य.

सीमेवरच्या जिल्ह्याचा एक फायदा आणि एक धोका आहे. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तशाच गाड्याही इकडून तिकडे सहज येतात. सुरत, नवसारी, वलसाडकडच्या गाड्या दिसायला देखण्या असतात, पण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने त्यांचा पत्रा आतून खाल्लेला असू शकतो. कोरड्या हवेतल्या एमएच 18, 19 किंवा 39 च्या गाड्या त्या मानाने निरोगी निघतात. परराज्यातली गाडी घेतली तर तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आणावं लागतं आणि इथला कर भरावा लागतो. दिल्लीकडे पेट्रोल गाड्यांवर 15 वर्षांची बंधनं आल्यावर तिथल्या गाड्या मिळेल त्या भावात देशभर पांगल्या. ना हरकत प्रमाणपत्राशिवाय अशी गाडी दारात आणणं म्हणजे पैसे बुडवणं.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जाणकार झूल आणि घुंगरांकडे बघत नाही. दात बघतो, खूर उचलतो, चालवून घेतो. गाडीचंही तसंच करावं. नव्या रंगावर भाळू नये. पायातली रबरी मॅट उचलून तळाचा पत्रा बोटाने दाबावा, बॅटरीखालचा ट्रे, दारांच्या खालच्या कडा आणि स्टेपनीचा खड्डा बघावा. इंजिन थंड असताना स्वतः चालू करावं. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेलं इंजिन आपली दुखणी लपवतं. निळा धूर निघाला तर इंजिन तेल खातंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गास्केटचा संशय घ्यावा. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि या गाड्या त्यासाठी घडवलेल्या नाहीत. म्हणून घेतल्याबरोबर पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलावेत आणि टाकी धुऊन घ्यावी. खर्च थोडा आहे, आगीचा धोका मोठा.

सुरक्षेबाबत कुणाची समजूत काढण्यात अर्थ नाही. या गाड्यांना एअरबॅग नाहीत. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने तेव्हाच्या पाच भारतीय गाड्यांची एअरबॅगशिवायची मॉडेलं आपटून पाहिली, पाचही शून्यावर आली. त्याआधीची एस्टीम त्यांच्यापेक्षा बरी ठरली असती असं मानायला आधार नाही. म्हणून ज्यांना हप्ता झेपतो त्यांनी नवीच घ्यावी. सप्टेंबर 2025 मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि अल्टोसारख्या लहान गाडीतही आता सहा एअरबॅग मिळतात. ज्यांना तेही झेपत नाही, त्यांच्यापुढची खरी तुलना जुनी मोटार की नवी मोटार अशी नसून जुनी मोटार की चौघांची मोटारसायकल अशी आहे. तिथे पट्टा बांधून मागच्या सीटवर बसलेलं मूल कितीतरी सुरक्षित आहे. मात्र अशी गाडी जिल्ह्यातल्या रस्त्यांवर, दिवसा, साठच्या आत चालवावी. सुरत-नागपूर महामार्गावर, कोंडाईबारीच्या उतारावर, रात्री ट्रकांच्या रांगेत ती नेऊ नये.

तेव्हा आवडली म्हणून पद्मिनी घेऊ नका. घरचं दुसरं वाहन आणि हाताशी वेळ असेल तेव्हा खुशाल घ्या. आज मुलांसाठी गाडी हवी असेल तर 2003 नंतरची एस्टीम शोधा, कमी माणसं असतील तर इंजेक्शनवाली 800. टोकन देण्याआधी आरसीची मुदत परिवहनच्या अ‍ॅपवर तपासा, ओळखीच्या मेस्त्रीला सोबत घेऊन गाडी चरणमाळ घाटातून एकदा चढवून-उतरवून आणा, आणि मागच्या सीटला पट्टे नसतील तर भाव कितीही कमी असला तरी सौदा करू नका.