मुंब्र्यालाही गाडी थांबते

रमजान सुरू होऊन आठवडा झाला की ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ठरलेला प्रश्न येतो : ‘यंदा मोहम्मद अली रोड कधी?’ वागळे इस्टेटमधली कंपनी असो, बँकेची शाखा असो की कॉलेजची स्टाफरूम, सात-आठ जण लगेच तयार होतात. वाट दाखवायला कोणी लागत नाही. मोबाइलवर यादी असते : मिनारा मशिदीजवळचा मालपुवा, मातीच्या वाटीतली फिरनी, बोहरी मोहल्ल्यातली बारा हांडी आणि शेवटी फालुदा. ठाण्याहून तीस किलोमीटरहून जास्त प्रवास करून मंडळी सँडहर्स्ट रोडला उतरतात, दोन-तीन तास मनसोक्त खातात, फोटो काढतात आणि रात्रीच्या स्लो लोकलने डोंबिवली-कल्याणला परततात.

परतताना ठाण्यानंतर कळवा येते, मग मुंब्रा. गाडी थांबते. या मंडळींपैकी कोणी उतरत नाही.

मोहम्मद अली रोडला जाण्यात काहीच वावगे नाही. एरवी एकमेकांच्या डब्यातली भाजी चाखणारे सहकारी एका संध्याकाळी एकमेकांच्या सणात डोकावतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण घराच्या वाटेवरच्या स्टेशनाबाहेर जे मिळते, त्यासाठी मुंबईचे दुसरे टोक का गाठावे लागते? ‘ते प्रसिद्ध आहे’ हे एक उत्तर. दुसरे उत्तर सहसा मोठ्याने दिले जात नाही : ‘मुंब्र्याला रात्री कशाला?’

मुंब्रा-कौसा ही कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक कुटुंबे सुरक्षित आणि परवडणारे घर शोधत इथे आली आणि गावाचे दाट शहर झाले. वर डोंगरावर मुंब्रादेवीचे मंदिर आहे, खाली अमृतनगर-कौशात रमजानच्या रात्री दुकाने उजळलेली असतात. इथली माणसे त्याच लोकलला लोंबकळतात आणि त्याच ऑफिसांत काम करतात. तरीही कधी पाऊल न ठेवलेल्या अनेकांचे या गावाविषयी ठाम मत असते. ठाण्याची राबोडी आणि कल्याणचा दूधनाका यांच्याही वाट्याला थोडेफार हेच येते.

म्हणून यंदाची खाद्यभ्रमंती घराजवळ करून पाहावी. त्यासाठी मोबाइलवरच्या यादीत नसलेल्या काही गोष्टी मात्र ठाऊक हव्यात.

पहिली गोष्ट वेळेची. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो आला की मगरीबची अजान पावणेसातच्या सुमारास होते. अजानच्या आधीचा अर्धा तास रस्त्यावर सर्वांत घाईचा असतो. भजी तळणारा, फळे कापणारा, सरबत ढवळणारा यांतले बहुतेक जण पहाटेपासून पाण्याच्या घोटाविना उभे असतात. दुपारपासून शिजणाऱ्या हांडीतले मीठ अनेक आचारी केवळ अंदाजाने टाकतात, कारण रोजात ते चव घेऊन पाहणे टाळतात. अशा माणसासमोर कॅमेरा धरून ‘लवकर द्या’ म्हणू नये. अजान झाली की तो आधी खजूर तोंडात टाकेल, पाणी पिईल, जमल्यास नमाज पढेल. तेवढे थांबावे. खरी निवांत वेळ तरावीहच्या नमाजनंतर, साधारण दहाच्या पुढे असते.

दुसरी गोष्ट ताटातली. या दिवसांतल्या मालपुव्यात बहुतेक ठिकाणी अंडे असते, हे शाकाहारी सहकाऱ्याला आधीच सांगावे. त्याच्यासाठी फिरनी, फळे, सरबत आहेच. ‘एक घास खाऊन बघ’ हा आग्रह प्रेमाचा असला तरी करू नये. जो सहकारी रोजेदाराच्या उपवासाचा मान राखतो, त्याच्या पथ्याचाही मान राखायला हवा. एक पदार्थ चौघांत वाटून घेतला तर चार दुकाने होतात आणि अन्न वायाही जात नाही. खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यावा. मुस्लिम सहकाऱ्याने यजमान म्हणून दरवेळी खिशात हात घालावा, अशी अपेक्षा नसावी.

तिसरी गोष्ट मुस्लिम समाजाने स्वतःला विचारायची आहे. रमजान संयमाचा महिना आहे, पण अनेक घरांत खर्च सर्वाधिक होतो तो याच महिन्यात. दिवसभर भूक सोसायची आणि संध्याकाळी दस्तरखानावर निम्मे उरेल इतके मांडायचे, हे रोजाच्या हेतूशी जुळत नाही. शेजारच्या उपाशी माणसाची भूक कळावी, हाही रोजाचा एक अर्थ. जकात आणि फित्रा याच भावनेतून दिला जातो.

शिवाय या सगळ्या भटकंतीत ऑफिसमधली रोजेदार सहकारी कुठे असते? ती पहाटे चारला उठून सहरी करते, दिवसभर काम करते आणि सहाच्या आत निघून भजी तळायला घरी धावते. ‘या खायला’ म्हणणारे पुरुष असतात, तळणारी बहुतेकदा तीच असते. एखाद्या संध्याकाळी घरच्यांनी इफ्तारचा भार उचलला, तर तिलाही सहकाऱ्यांबरोबर फिरता येईल.

आणि हे येणे-जाणे एकतर्फी राहू नये. 2025 मध्ये 30 मार्चला गुढीपाडवा होता आणि 31 ला ईद. पंचांगाने हे सण शेजारी आणून ठेवले होते. ईदनंतरच्या एखाद्या सकाळी याच मंडळींनी ठाण्याच्या मामलेदार मिसळीला जावे. तिथे हलालचा प्रश्न नाही आणि शाकाहाराचाही नाही. प्रश्न एकच, तिखट किती झेपते.

एका फिरनीने दोन समाजांतले अंतर मिटत नाही, हे खरे. पण उद्या एखाद्या वस्तीविषयी अफवा फॉरवर्ड होऊन आली किंवा आडनाव ऐकून कोणाला भाड्याचे घर नाकारले गेले, तर तिथे जाऊन आलेल्या माणसाजवळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी असते. कोणत्या दुकानात आपल्याला खुर्ची दिली गेली, कोणत्या आजोबांनी खजूर हातावर ठेवला, हे तो सांगू शकतो. न गेलेल्याजवळ सांगायला फक्त तो फॉरवर्ड असतो.

डोंबिवलीहून मुंब्रा तिसरे स्टेशन आहे. कोपर, दिवा, मुंब्रा. या रमजानमध्ये एकदा तिथे उतरून पाहावे.