मोटार उलटी फिरविणारी कळ

पॉलिहाऊसचे पडदे गुंडाळणाऱ्या २४ व्होल्टच्या लहान डी.सी. मोटारी आतां पुष्कळ बागाईतदारांच्या परिचयाच्या आहेत. आंतील चुंबक कायमचे असलेल्या अशा मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल केली म्हणजे ती उलटी फिरते. काम इतकें सोपें आहे, म्हणूनच त्यांत निष्काळजीपणा शिरतो. कळेंत मधली 'बंद' स्थिति आणि बॅटरीजवळ फ्यूज, हीं दोन्हीं असल्यावांचून हें काम पुरें झालें असें कोणीं समजूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कळ सहा टोकांची दुहेरी घ्यावी. मधल्या दोन टोकांस मोटारीच्या व वरच्या दोहोंस बॅटरीच्या तारा जोडाव्या. मग वरच्या टोकांपासून खालच्या टोकांस तिरकस जोडतारा द्याव्या. दोन स्वतंत्र साध्या कळांवर भागवूं नये. त्या चुकून एकदम दाबल्या गेल्या तर धन व ऋण तारा परस्परांस भिडतात.

मधली स्थिति कशासाठीं? फिरती मोटार स्वतःच विरोधी दाब उत्पन्न करते. चालतांना ५ अँपिअर घेणाऱ्या व ०.८ ओहम रोधाच्या मोटारींत तो सुमारें २० व्होल्ट भरतो. ती थांबण्यापूर्वींच उलटविली तर हा दाब बॅटरीच्या २४ व्होल्टांत मिळतो आणि प्रवाह क्षणभर ५५ अँपिअरपर्यंत, म्हणजे ११ पट, उसळतो. यास्तव मोटार पूर्ण थांबूं द्यावी, मगच उलटवावी.

कोणी म्हणतील कीं, २४ व्होल्टांनीं झटका बसत नाहीं, मग एवढी धास्ती कशाला? परंतु आग लागण्यास झटक्याची गरज नसते. तारा भिडल्या तर मोठी बॅटरी शेंकडों अँपिअर ओतते व तार लाल होते. म्हणून तारेच्या शक्तीस अनुसरून निवडलेला फ्यूज धन टोकाजवळच बसवावा.

घरांतील दिव्याची कळही येथें चालत नाहीं. घरचा प्रवाह सेकंदांत १०० वेळां शून्यावर येतो, त्यामुळें ठिणगी विझते; डी.सी. प्रवाहास तशी विश्रांति नाहीं. कळेवर डी.सी.चे व्होल्ट व अँपिअर छापलेले पाहूनच ती घ्यावी. कारागीर हें टाळूं लागल्यास मालकानें आग्रह धरावा. कारण जळेल तें पीक मालकाचें असतें.